अळवातला डबा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — थांबा, सुरुवातीलाच खोटं नको. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. बारशाला, साखरपुड्याला, गणपतीत आरती झाल्यावर, एकदा तर एका तेराव्याला, आणि तिथेही माणसं हसली. आमच्या घराण्यात गोष्ट हवी झाली की सगळे माझ्याकडे बघतात, आणि माझ्याकडे बघितलं की हीच निघते. फक्त तिच्या मधला एक तुकडा मी कधी बाहेर काढला नाही. तीसेक वर्षं झाली असतील.

परवा घोटाळा झाला. रोह्याजवळ आमच्या गावी वहिनीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, दादाची बायको. बायकांची ओटी भरून झाली, पुरुष मंडळी जेवून सुस्तावली, आणि मला फर्माईश आली. मी रंगात आलो. हातवारे सुरू झाले. आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं — 'डबा उघडून बघितला, परत पुरला, आणि...' जीभ चावली. पण झालं काय, सगळे खो खो हसले! त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने नवा विनोद घातला. विनोदी माणसाचं हे एक बरं असतं, तो खरं बोलला तरी कुणी मनावर घेत नाही. वहिनीही हसली. डोळ्यांना पदर लावून हसली.

पेणला परत येताना मी एसटीत सगळा वेळ खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसलो. बायको म्हणाली, जिलबी जास्त झाली का?

नाही, जिलबी नाही. तुम्हाला सांगतो. बसा जरा.

आधी सोपं ते कबूल करतो. मी पायाळू नाही.

जो पायाकडून जन्माला येतो तो पायाळू. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं, आणि कुणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळूने पाय लावला की ती उतरते, अशी आमच्याकडे पक्की समजूत. मी आलो तो इतरांसारखा डोक्याकडून. आई म्हणायची, "तू डोक्यानंच आलास बाबा, पण त्यानंतर त्या डोक्याचा काय उपयोग झाला नाय."

मग पायाळू झालो कसा? गोमाकाकांमुळे. कोलाडच्या पुढे एका गावात गोमाकाका नावाचे पाणाडे होते. उंबराची बेचकी हातात धरून शेतातून चालायचे, बेचकी खाली वळली की म्हणायचे, इथे खणा. त्यांनी दाखवलेल्या विहिरींना पाणी लागायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते विद्या फक्त पायाळू माणसाला द्यायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, आयटीआय करून घरी बसलेला, रोह्याच्या कंपनीतून आज कॉल येईल, उद्या येईल म्हणून पोस्टमनच्या मागे फिरणारा. मी सरळ जाऊन सांगितलं — मी पायाळू. सुईण वारली होती, तेव्हा साक्षीपुराव्याचा प्रश्न नव्हता. आईला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून आत गेली, पण तिने बिंग फोडलं नाही.

पाण्याशी मला काय करायचं होतं? काही नाही. आमच्या गावाच्या वरच्या माळावर कुणा सरदाराने सात हंडे पुरलेत अशी वदंता होती. प्रत्येक गावाच्या माळावर असे सात हंडे असतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, बेचकी शिकायची, माळावर जायचं, आणि कंपनीचा कॉल आलाच तर मालकालाच विचारायचं, विकता का?

गोमाकाकांना मी हे सांगितलं नव्हतं, पण त्यांना वास आला असावा. शिकवताना एकदा म्हणाले, "पाण्यावर काडी वळते रं. सोन्यावर मानूस वळतो." मी मान डोलावली. समजलं होतं का? मुळीच नाही.

शिक्षण असं होतं. तळवे वर, अंगठे बाहेर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, पाय अनवाणी, आणि तोंड बंद. शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं. घरी सराव कसा करायचा तर पाण्याने भरलेला तांब्या जमिनीत पुरायचा आणि काडीने तो शोधायचा. मी तांब्या पुरायचो. मग शोधायचो. काडी दर वेळी बरोबर जागी वळायची! मी हरखून जायचो. आपणच पुरलाय, आपल्याला जागा माहीत आहे, हा मुद्दा माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. लक्षात आला तरी मी तो बाजूला ठेवला.

आणि लाथा? मी पायाळू असल्याची बातमी पसरली आणि सकाळपासून आमच्या अंगणात माणसं पालथी पडायला लागली. कमरेवर पाय लावायचा, तीनदा. मी अर्ध्या गावाला लाथा घातल्या आहेत, आणि त्यांनी उठून मला नमस्कार केला आहे. खुद्द सरपंच एकदा पालथे पडले होते. त्यांची उसण खरंच उतरली. आता याला मी काय करू?

हे झालं पायाळूपण. याची लाज मला वाटत नाही फारशी. ज्याची वाटते तिकडे येतो. सावकाश येऊ द्या.

त्या चैत्रात काकीला ताप आला. काकी म्हणजे दादाची आई, वहिनीची सासू. आमची दोन घरं एकाच अंगणात, मधे फक्त तुळस. चांगला पंधरा दिवस ताप होता, मधे मधे भ्रमही व्हायचा. सगळे भाताच्या रोपांची जमीन तयार करायला, शेतावर राब भाजायला गेलेले असायचे; घरात काकीपाशी एकटी वहिनी. तिनेच काकीचं सगळं केलं. अंग पुसलं, पेज भरवली, घाण काढली. काकी बरी होऊन बसती झाली, आणि एका शनिवारी तिने आपली लाकडी पेटी उघडली. बोरमाळ नाही. पाटल्या नाहीत. पुतळ्यांची माळ नाही. पेटीत नुसती कापराची पुडी.

किल्ली कुणाकडे होती? वहिनीकडे. घरात कोण होतं? वहिनी.

वहिनी पेणच्या खारेपाटातली. वडील मिठागरावर, भाऊ डोलवीच्या बाजूला ठेकेदाराकडे कामाला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी काकी रागावली की म्हणायची, खाऱ्या पाण्याची माणसं. त्या शनिवारी तिने ते म्हटलं नाही. त्याच्याहून वाईट म्हटलं. दादा खाली मान घालून बसला. वहिनीच्या माहेरी निरोप गेला की गुरुवारी येऊन मुलीला घेऊन जा. अशी गेलेली मुलगी परत येते का हो? तुम्हीही जाणता, नाही येत.

आता गुरुवार. हा तुकडा मी दोनशे वेळा सांगितलाय, एकदा तुम्हालाही सांगू द्या. मला मोह आवरत नाही.

वहिनीचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, उन्हाने काळे पडलेले, धिप्पाड, दाराशी उभे. आत यायला तयार नाहीत, पाणी घ्यायला तयार नाहीत. बरोबर वहिनीची आई आणि धाकटी बहीण. वहिनीची ट्रंक ओटीवर. अंगणात गाव जमलेलं. आणि त्या गर्दीतून मी आलो — अनवाणी, हातात उंबराची बेचकी, कपाळाला गुलाल. गुलालाची गरज नव्हती. पण मी लावला. मागे गोमाकाका, त्यांना मीच बोलावणं धाडलं होतं, गुरूसमोर विद्या दाखवायची म्हणून.

मी म्हटलं, कुणी हलू नका. आणि गाव हललं नाही! काय सांगू तुम्हाला, त्या शांततेची चव अजून जिभेवर आहे. मी गोठ्यात गेलो. काडी गप्प. कोंबड्यांच्या खुराड्याशी गेलो. गप्प. पेंढ्याच्या उडवीभोवती फेरी मारली, तिथे काडी जराशी थरथरली आणि शंभर माणसांनी श्वास आत घेतला. नाही, पुढे. मग न्हाणीच्या मागे, जिथे आंघोळीचं पाणी जातं आणि चैत्रातही अळू हिरवंगार असतं, तिथे आलो. आणि काडी वळली. वळली म्हणजे, खाली खेचली गेली, माझे हात तिच्यामागे खेचले गेले, मी गुडघ्यावर आलो.

दादाने खणलं. दोन वितींवर पितळेचा कडीचा डबा. आत लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली बोरमाळ, पाटल्या, पुतळ्यांची माळ. काकीने फडकं ओळखलं — ते तिने स्वतःच फाडलेलं होतं. तापाच्या भ्रमात, भर दुपारी, वहिनी विहिरीवर गेली असताना, चोर येणार म्हणून तिने उठून स्वतःच्या हाताने डबा पुरला होता. ते तिला तिथे उभ्या उभ्या आठवलं. ती मटकन अळवात बसली, आणि सगळ्या गावादेखत सुनेचे पाय धरले. सासूने सुनेचे पाय धरलेले त्या गावाने त्याआधी कधी बघितले नव्हते, त्यानंतरही नाहीत.

तात्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. देवळातला ढोल आला. मी खांद्यावरून बघितलं तर धाकटी बहीण, तिची वेणी सुटलेली, माझ्याकडे टक लावून बघत होती. ट्रंक परत आत गेली. तात्या त्या दिवशी आमच्याकडे पोटभर जेवले, आणि जेवता जेवता म्हणाले, या घरात माझी दुसरी पोरगी दिली तर मी निर्धास्त मरेन. पुढच्या मार्गशीर्षात लग्न झालं. कंपनीचा कॉलही त्याच महिन्यात आला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कुठला म्हणाल तर तो गुरुवार. आजही आठवला की छाती फुगते. हे मी लपवत नाही.

फक्त गोमाकाका नाचले नाहीत. त्यांनी खड्ड्यातली माती मुठीत घेतली, बोटांनी चुरली आणि सोडून दिली. मग माझ्या हातातली बेचकी काढून घेतली आणि निघाले. मला पुन्हा त्यांनी दारात उभं केलं नाही. लोकांना मी सांगत आलो की गुरूंनी धन शोधायला मनाई केली म्हणून मी बेचकी सोडली. ऐकून लोक हात जोडतात.

आणि वहिनी — वहिनीचं काय सांगू? तिने मला देव केलं. भावजी आले की पाट तिने स्वतः मांडायचा. गणपतीचा पहिला मोदक देवाला, दुसरा मला. तिच्या सुनेला, आल्यागेल्याला सांगते, "भावजींनी माझी अब्रू जमिनीतून वर काढली." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. तुम्हाला काय वाटतं, कसं लागत असेल? सांगतो — सुरुवातीला गोड लागायचं.

आता मधला तुकडा.

त्या आठवड्यातला सोमवार. काकीची पेटी रिकामी सापडून दोन दिवस झाले होते. दुपारी सगळे शेतावर, घरी फक्त काकी आणि वहिनी. मी तांब्या घेऊन सरावाला निघालो. जमीन चैत्राची, दगडासारखी. भुसभुशीत जागा एकच, न्हाणीमागचा अळवाचा वाफा. खुरपं घातलं, हातभरसुद्धा खणलं नाही आणि खट्ट आवाज झाला. डबा. कडी काढली. फडकं सोडलं. पुतळ्या उन्हात चमकल्या.

काय करायला हवं होतं? पाच वर्षांचं पोर सांगेल. ओरडायचं — काकी, सापडलं! बस. वीस पावलांवर वहिनी धुणं वाळत घालत होती. मला ती दिसत होती.

मी फडकं बांधलं. कडी लावली. डबा ठेवला. माती लोटली, वर अळवाची दोन पानं सारखी केली.

तुम्ही म्हणाल, घाबरला असेल. चोरीचा आळ आपल्यावर येईल, असं वाटलं असेल. नाही हो. असं काही वाटलं नाही. मला वाटलं — नुसतं सापडला म्हटलं तर लोक म्हणतील, बरं झालं, आणि आपापल्या घरी जातील. काडीने सापडला तर? मी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं, सगळे शेतावरून परत आले की काडी घेऊन निघायचं. संध्याकाळी वहिनीच्या माहेरचा उलट निरोप आला, गुरुवारी माणसं नक्की येणार; म्हणजे गाव जमणार. मी गुरुवारपर्यंत थांबलो.

मंगळवारी वहिनीने आपली ट्रंक अंगणात आणून उपडी केली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक लुगडं उचलायची, झटकायची, सगळ्यांना दाखवायची आणि बाजूला ठेवायची. लग्नातला शालू झटकला तेव्हा त्यातून डांबरगोळी पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ती उचलून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, भावजी, तुम्ही तरी बघा ना नीट. मी बघितलं. नीट बघितलं.

बुधवारी तिला गावदेवीच्या देवळात नेलं, कौल लावायला. गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. बाई खरी असेल तर उजवी पाकळी पडू दे, खोटी असेल तर डावी. वहिनी हात जोडून उभी. मी तिच्या मागे, चार पावलांवर. पंखा नाही, वारा नाही, नुसती ती पाकळी सुकायची वाट बघत आम्ही सगळे उभे. डावी पडली.

वहिनी देवीकडे बघत राहिली, आणि मग मागे वळून एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. दादाच्या. काकीच्या. माझ्याही. आणि मला — हे सांगायला सगळ्यात जड — मला क्षणभर वाटलं, देवी म्हणते तर घेतलंच असेल हिने. डबा कुठे आहे ते मला माहीत होतं. मी हातात घेतला होता. तरी वाटलं. इतका मी वळलो होतो.

मी तोंड उघडलं असतं तर ती तिथल्या तिथे सुटली असती. मी नाही उघडलं. घरी आलो आणि उंबराची नवीन बेचकी सोलत बसलो, चांगली, सारख्या दोन टोकांची, लोकांना लांबून दिसावी अशी.

झालं. तो तुकडा एवढाच. सोमवारची दुपार ते गुरुवारची सकाळ. मी तिची अब्रू जमिनीतून वर काढली असं ती म्हणते. काढली खरी. पण तीन दिवस मीच ती पुरून ठेवली होती, वरून अळवाची पानं सारखी करून. लहान होतो, बेकार होतो, वगैरे सांगता येईल. सांगत नाही. मला माणसं जमायला हवी होती. ती जमली.

हे सगळं लिहून काढलं आणि कागद बायकोसमोर ठेवले. ती पापडाचं पीठ मळत होती. हात पुसले, चष्मा लावला, आणि उभ्या उभ्या वाचलं. ती त्याच वहिनीची धाकटी बहीण, हे तुमच्या लक्षात आहेच. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिलो. वाचून झाल्यावर तिने कागद नीट जुळवले, पिठाचा हात लागणार नाही असे डब्यांच्या फळीवर ठेवले आणि पुन्हा मळायला लागली. पीठ चांगलं मऊ झालं तरी मळत होती.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या तीन दिवसांत ताई जेवली होती का?"

मी आठवायला लागलो. ट्रंक आठवली, डांबरगोळी आठवली, पाकळी आठवली. म्हटलं, माहीत नाही.

"मग उद्याच्या पहिल्या गाडीनं रोह्याला जा," ती म्हणाली, "आणि तिलाच विचारून या. मी येनार नाय."